किल्लीचा सिनेमा

गिरगाव,
११ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आनंदादादास कमलचा नमस्कार.

फोन करणार होते. पण तुला एका कानाने कमी ऐकू येतं नि दुसऱ्या कानाने नको ते ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिते. पत्राला 'हॅलो हॅलो' करून कटवता येत नाही.

माझी नात दर्शना सध्या माझ्याकडे राहायला आली आहे. परवा तिला आपल्या लालबागच्या चाळीतल्या गोष्टी सांगत होते. तू परळच्या टॉकीजमध्ये डोअरकीपर होतास, सकाळचा इंग्रजी खेळ बघून यायचास, नि सोमवारी सुट्टीला गॅलरीत बसून आम्हा बायकांना आख्खा सिनेमा सांगायचास. आम्ही तांदूळ निवडत ऐकायचो. तुझ्या त्या मडमेचं नाव मला अजून पाठ आहे. व्हेरा लिंडन. दर्शनाला खरंच वाटेना. ती म्हणाली, आजी, तुम्ही गिरणगावातल्या बायका हॉलिवूडच्या नटीसाठी रडत होता?

तिला विचारायचं आहे की तुझ्या मडमेचं सगळ्यात चांगलं काम कुठल्या सिनेमात होतं. मी म्हटलं, ते एकच माणूस सांगेल. तर नीट यादी करून कळव.

तुझी,
कमल


नायगाव,
१६ नोव्हेंबर २०२४

चि. कमल हिस आनंदाचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघून आधी तसंच बाजूला ठेवलं. हल्ली पत्र म्हटलं की कोणीतरी गेलं असंच वाटतं. वाचल्यावर बरं वाटलं. आमची बीडीडी चाळ पाडणार म्हणून आम्हाला दुसरीकडे खोली दिली आहे. पोस्टमन अजून जुन्याच पत्त्यावर जातो आणि तिथला वॉचमन पत्रं राखून ठेवतो. तो माझ्या मुलाला ओळखतो, म्हणून पत्त्यात विनीतचं नाव घाल. पण पाकीट नीट चिकटव. घरात सगळे पत्र उघडायला बघतात.

आता यादी. माझं शिक्षण सातवी नापास, इंग्रजी येत नाही. पण काम कळायला भाषा लागत नाही, हे मी ह्याच बाईकडून शिकलो.

पहिला नंबर आंधळ्या बहिणीच्या सिनेमाला. आंधळ्याचं काम करणारे डोळे वर फिरवतात आणि हात पुढे धरून चालतात. तिने तसलं काही केलं नाही. कप ठेवायच्या आधी ती करंगळीने टेबलाची कड बघायची, एवढंच. आणि कोणी खोलीत आलं की तोंड तिकडे वळवायची नाही, कान वळवायची. मी हे गॅलरीत करून दाखवलं होतं तेव्हा शेजारच्या जाईबाईने मला डोळे मिटून तांदळाचं सूप आणायला लावलं होतं. तांदूळ सांडले होते, तुला आठवत असेल.

दुसरा, दारू पिणाऱ्या गाणारणीचा. दारुडा दाखवायचा तर लोक झोकांड्या खातात. ती उलट सरळ चालायची. जरा जास्तच सरळ. पगाराच्या दिवशी आपल्या चाळीतली काही माणसं अशीच जिना चढायची, म्हणून मला ते फार पटलं.

तिसरा, म्हातारपणीचा. ती मुलाच्या घरी राहायला येते आणि सुनेला विचारते की चमचे कुठे ठेवू. सबंध सिनेमात तीनदा विचारते, आणि तिसऱ्यांदा तिला उत्तर माहीत असतं. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो, मला त्यात विशेष वाटलं नव्हतं. आता रोज आठवतो.

बाकीचे लक्षात नाहीत. वय झालं. दर्शनाला आशीर्वाद. ती किती दिवस आहे? तिच्या घरी सगळं ठीक ना? मला उगाच काळजी लागते.

आनंदा


गिरगाव,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास नमस्कार.

यादी वाचली. करंगळीचं वाचून दर्शनाने तो सिनेमा मोबाईलवर लावून बघितला. म्हणाली, आजी, खरंच तसं आहे, कुठल्याच लेखात हे लिहिलेलं नाही. तेव्हा तुझा मान राहिला.

पण दादा, मोबाईलवरच्या सगळ्या जाणकारांच्या यादीत पहिल्या नंबरला एकच सिनेमा आहे, आणि तुझ्या यादीत तो नाही. किल्लीचा सिनेमा. नवरा बायकोशी बोलत नाही तो. ज्याने तू दोन सोमवार आख्ख्या चाळीला घोर लावलास, तो तुझ्या लक्षात नाही?

आता खरं कारण लिहिते. दर्शना पाहुणी म्हणून आलेली नाही, बॅग घेऊन आली आहे. तिचा नवरा राहुल अबोला धरतो. मारत नाही, शिव्या देत नाही. दोन-दोन महिने बोलत नाही. ती समोर बसलेली असताना 'पाणी हवंय' असं आईला सांगतो. मी हे ऐकलं नि मला माझं संसाराचं पहिलं वर्ष आठवलं. मी पण अशीच लालबागला निघून आले होते, तीन महिने राहिले होते. परळच्या हॉस्पिटलात नर्सिंगला माझा नंबर लागला होता. तेव्हाच तू तो सिनेमा सांगितलास. मडम घर सोडायला निघते, किल्ली काढून ठेवते, मग दारातून मागे बघते, नि किल्ली उचलून परत आत जाते. तू म्हणाला होतास, परत जायलाच जास्त हिंमत लागते. ते वाक्य मी पन्नास वर्षं जपलं. दर्शनालाही तेच सांगितलं.

तिने सिनेमा लावला. खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती मला मराठीत सांगत होती. पण सांगायची गरज पडली नाही. मडम परत जात नाही, दादा. किल्ली ठेवते नि निघून जाते.

हे काय आहे?

कमल


नायगाव,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. कमल हिस आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. रक्तदाब वाढला म्हणून विनीत डॉक्टरकडे घेऊन गेला. कारण विचारलं तर मी हवेवर ढकललं.

तुला आमच्या कामाची रीत माहीत नाही म्हणून सांगतो. शेवटचं रीळ लागलं की वरून ऑपरेटर बेल द्यायचा. बेल झाली की डोअरकीपरने आत थांबायचं नाही. बाहेरच्या दरवाजांचे अडसर काढायचे, पायऱ्यांवर पुढच्या खेळासाठी बसलेली माणसं उठवायची, सायकल स्टँडवाल्याला हाक द्यायची. नाहीतर पब्लिक सुटलं की चेंगराचेंगरी. एकदा उशीर झाला तर मॅनेजरने सगळ्यांसमोर माझी टोपी काढून घेतली होती. सतरा वर्षं नोकरी केली. शेवट एकाही सिनेमाचा बघितला नाही. आतून रडण्याचा नाहीतर टाळ्यांचा आवाज यायचा, त्यावरून अंदाज करायचा.

म्हणून तुम्हाला सांगितलेले सगळे शेवट माझ्या पदरचे. आंधळ्या बहिणीला शेवटी दिसायला लागतं, तेही मीच केलं. खरं काय होतं मला माहीत नाही. जाईबाईने विचारलं असतं की शेवट बघितलास का, तर मी खरं बोललो असतो. कोणी विचारलं नाही.

अडाणी माणसाच्या गोष्टीवर तू एवढं मोठं पाऊल उचललंस हे मला ठाऊक नव्हतं. चूक झाली असेल तर क्षमा कर. दर्शनाला समजुतीने घ्यायला सांग. नाही तर नको सांगू.

आनंदा


गिरगाव,
२९ नोव्हेंबर २०२४

दादा,

डोअरकीपरचं वाचून मला वाईट वाटलं. दिवसभर वाटलं. संध्याकाळी दर्शनाला पत्र वाचून दाखवलं. तिने ते ऐकून घेतलं आणि मोबाईल काढला.

सिनेमा संपायला पाच मिनिटं असताना मडम अॅप्रन काढते आणि खिशातली किल्ली त्याच्यावर ठेवते. त्याच्या आधी सबंध सिनेमात किल्ली कुठे दिसत नाही. आम्ही पहिल्यापासून परत बघितलं. शेवटचं रीळ तू बघितलं नाहीस, तर तुझ्या गोष्टीत किल्ली आली कुठून?

रागावणार नाही असं लिहीत नाही. रागावणारच आहे. पण खरं लिही. आठ तारखेला रविवारी राहुल आणि त्याची आई डोंबिवलीहून येणार आहेत, तिला न्यायला. पोरगी माझ्या तोंडाकडे बघते आहे, आणि मी काय बोलू ते मला ठरवायचं आहे. जमलं तर तू पण ये. मोठं माणूस म्हणून माझ्या बाजूने दुसरं कोणी उरलेलं नाही.

कमल


नायगाव,
४ डिसेंबर २०२४

चि. कमल,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तो शेवट मी बघितला होता. त्या एकाच सिनेमाचा. पहिला अर्धा भाग मी तुम्हाला एका सोमवारी सांगितला आणि पुढच्या सोमवारी सकाळी, सुट्टी असताना, पदरचं तिकीट काढून आत बसलो. खिडकीवरचा बुकिंगवाला हसला. मी म्हटलं, ह्या वेळी चुकीचं सांगून चालणार नाही. हे मी खरंच म्हटलं होतं. कारण त्या आठवड्यात तू काही खात नव्हतीस. तू त्या मडमेच्या निकालाची वाट बघते आहेस, हे सगळ्या गॅलरीला कळलं होतं. काकीने ते आबांना सांगितलं, पोरीच्या बापाला कळायला हवं म्हणून.

इंग्रजी येत नव्हतं हे कारणही चालणार नाही. त्या सिनेमात नवरा बोलतच नाही. माझ्यासारख्याला सगळ्यात जास्त कळलेला सिनेमा तोच.

रविवारी ड्युटी संपवून आलो तेव्हा आबा नाक्यावर पानाच्या गादीपाशी उभे होते. मला बाजूला घेतलं. म्हणाले, "उद्या मडम परत जाते असं सांग. तुझं ऐकते ती." मी म्हटलं, आबा, मला अजून माहीत नाही काय होतं ते. ते म्हणाले, तुला माहीत असायची गरज नाही. त्यांनी धमकी दिली नाही, उगाच मेलेल्या माणसावर घालणार नाही. एवढंच म्हणाले, "आनंदा, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपतात. एक माणूस कायमचं वाढलं तर एकाला खोली सोडावी लागेल." त्या सातांत बाहेरचा मी एकटा होतो. पुतण्या असलो तरी गावाहून आलेला.

तू त्या रात्री कुठे झोपशील याचा विचार मी केला नाही. मी कुठे झोपेन याचा केला.

दुसऱ्या दिवशी सिनेमा बघितला. ते तिचं सगळ्यात मोठं काम आहे. यादीत लिहिलं नाही कारण लिहिलं असतं तर हेही लिहावं लागलं असतं. ती रडत नाही, नवऱ्याकडे बघत नाही. अॅप्रनची घडी घालते. आधी दोन, मग चार. कडा जुळवते, जसं काही उद्या तिलाच तो बांधायचा आहे. त्यावर किल्ली ठेवते, आणि ठेवताना आवाज होऊ देत नाही. इतकी वर्षं ज्या घरात कोणी बोललं नाही तिथे जाताना पण आवाज नाही. मग निघून जाते. मागे बघत नाही. काळोख. संपला.

दुपारी मी गॅलरीत बसलो आणि तिला परत फिरवली. माझी गोष्ट संपल्यावर जाईबाई म्हणाली, शहाणी गो बाय ती. तू सूप उचलून आत गेलीस. गुरुवारी तुला गिरगावला पोचवायला आबांनी मलाच पाठवलं. ट्रंक मी उचलली होती. दर राखीला तुझ्याकडे यायचो तेव्हा ती ट्रंक पलंगाखाली दिसायची आणि माझ्याने जेववत नसे. तू म्हणायचीस, दादाचं पोट नाजूक आहे.

रविवारी मला बोलावू नकोस. लोकांसमोर मला बोलता येणार नाही.

आनंदा


गिरगाव,
९ डिसेंबर २०२४

दादा,

येणार नाही म्हणालास, नि पाहुण्यांच्या आधी तासभर येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसलास. आत ये म्हटलं तरी आला नाहीस. तू काल इथेच होतास, तरी झालेलं लिहिते, कारण तू मान वर केली नाहीस आणि तुला कोणाची तोंडं दिसली नसतील.

राहुलच्या आईने सुरुवात केली. पुरुष असेच असतात, बाईने एक पाऊल मागे घ्यावं, आमच्याही वेळेला असंच होतं. राहुल मोबाईलमध्ये. मी तोंड उघडणार इतक्यात तू म्हणालास, "एक मडम होती."

त्या बाईला वाटलं म्हातारा भ्रमला. मलाही वाटलं. पण तू थांबला नाहीस. जेवणाचं टेबल, दोन ताटं, नवरा मीठ हवं तर भिंतीकडे बघून थांबतो, ती मीठ पुढे सरकवते. ती बशी कशी सरकवायची ते तू हाताने दाखवलंस. तेव्हा राहुलने मोबाईल खाली ठेवला. त्याच्या आईचा चहा तसाच राहिला, साय धरली. शेवटी तीच म्हणाली, "मग गेली का परत?"

तू म्हणालास, "नाही गेली. माझ्या ह्या बहिणीला मी गेली म्हणून सांगितलं होतं, एक्कावन्न वर्षांपूर्वी. कारण मला झोपायला जागा हवी होती."

आणि चपला घालून निघून गेलास.

तू जिना उतरलास. मग राहुलने दर्शनाला विचारलं, किती दिवस राहणार आहेस? पाच आठवड्यांत तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. ती म्हणाली, "ते तू बोलायला लागलास की ठरवू. तोवर मी इथे." मी म्हटलं, ऐकलंत ना. ते दोघे गेले. ती राहिली. पुढचं पुढे.

आता आपलं. माफ केलं असं मी लिहिणार नाही. मी काही सिनेमा बघून संसार केला नाही. आमचे हे माणूस म्हणून वाईट नव्हते, मुलं झाली, नातवंडं झाली, ते जाऊनही सहा वर्षं झाली. पण त्या सोमवारी तराजू मधोमध होता आणि तू बोट लावलंस. नर्सिंगचं पत्र त्या ट्रंकेत अजून आहे. आबा आबांसारखे वागले. तू तुझ्या मडमेसारखा वागशील असं मला वाटलं होतं, मेल्या.

आणि अजून एक. तू शेवट अजूनही चुकीचाच सांगतोस. किल्ली ठेवल्यावर सिनेमा संपत नाही. पुढे आहे. सुट्टी असून, तिकीट काढून, बेल झाल्यावर उठलास ना?

गुरुवारी संध्याकाळी ये. दर्शना लावून देईल.

कमल


नायगाव,
१४ डिसेंबर २०२४

चि. कमल हिस आशीर्वाद.

होय, उठलो होतो. बेल झाली आणि पाय आपोआप उभे राहिले. किल्लीचा प्रसंग मी दाराच्या पडद्याला धरून उभ्याने बघितला, आणि ती चौकटीबाहेर गेल्यावर वळून अडसर काढला. माझ्या अंगावर ऊन आलं. मला वाटलं, संपला. ड्युटीवर जो होता तो दुसऱ्या दाराशी होता. त्याने मला बघून कपाळाला हात लावला.

परवा तुझ्याकडे पहिल्यांदा पुढचं बघितलं. मोबाईल एवढासा, त्यात माझा चष्मा जुना. तरी दिसलं. ती बसच्या थांब्यावर उभी आहे, हातात बॅग. एक म्हातारा तिला वेळ विचारतो. ती मनगट वर करते. घड्याळ नाही. भांडी घासताना काढून ठेवलेलं, ते तिथेच राहिलं. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा होतो, हरवलेल्या. मला वाटलं आता ही परत फिरणार. कमल, एक्कावन्न वर्षांनी मला खरंच वाटलं की ही आता परत फिरणार, आणि मी मनात म्हटलं, नको गो बाय. मग ती त्या रिकाम्या मनगटाकडे बघून हसते. मोठं नाही. ओठाची एकच बाजू. म्हातारा पण हसतो, का ते त्याला माहीत नाही. बस येते.

मी त्या बाईचे अकरा सिनेमे दाराजवळ उभं राहून बघितले आणि जन्मभर तिच्या कामाच्या गोष्टी लोकांना सांगितल्या. तिचं सगळ्यात चांगलं काम ते हसणं आहे, आणि ते मी बघितलंच नव्हतं.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. तुला खोटं सांगताना मला थोडं पुण्यही लागल्यासारखं वाटलं होतं. वाटलं, किल्ली ठेवली की पुढे काळोख, तर मी आपल्या कमलला काळोखात कशाला पाठवू. आबांचं बोलणं आणि माझी वळकटी ह्या दोन्हीवर मी हे पांघरूण घातलं होतं. ते पण आता गेलं. पुढे काळोख नव्हता. बस होती.

सिनेमा संपल्यावर नावं वर जात राहिली. दर्शना म्हणाली, आजोबा, संपला. मला कळलं होतं. मी बसून राहिलो.

मग निघायला उठलो, तू दारापर्यंत आलीस. अख्ख्या संध्याकाळी माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस. मी चपला घालत होतो तेव्हा म्हणालीस, "किती वाजले रे, दादा?"

मी मनगट वर केलं. घड्याळ होतं, चालू होतं, काटे दिसत होते. पण मला वेळ सांगता आली नाही. तू थोडी थांबलीस आणि आत गेलीस. दार लावलं नाहीस. मी जिना उतरेपर्यंत ते उघडंच होतं.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायला लाजणारा,
आनंदा